एकाचं सायनिंग, दुसऱ्याला खिंडार

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. गौरीपूजनाची रात्र. मेघवाडी, मजासवाडी, श्यामनगर या जोगेश्वरी पूर्वेच्या पट्ट्यात गौरी-गणपतीतलं जागरण म्हणजे फुगड्या, भजन आणि पत्त्यांचा डाव. अलीकडे त्यात मोबाइलची भर पडली आहे. त्या रात्री भारतीय वेळेनुसार साडेअकराला इंग्लंडच्या फुटबॉलमधली ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घेण्या-देण्याची मुदत, बंद होणार होती. न्यूकॅसलचा आघाडीवीर अलेक्झांडर इसाक उन्हाळाभर क्लबशी रुसून बसला होता आणि अखेरच्या दिवशी लिव्हरपूलला गेला. बातम्यांतला आकडा होता साडेबारा कोटी पौंड. लिव्हरपूलचा लाल शर्ट घालून फिरणाऱ्या उपनगरातल्या पोरांना त्या रात्री झोप लागली नसेल, तर त्याचं खापर गौरीवर फोडता येणार नाही.

त्याच विंडोत दहा-बारा दिवस आधी याहून रंगतदार नाट्य घडलं होतं. क्रिस्टल पॅलेसचा एबेरेची एझे टॉटनमकडे जाणार, हे जवळपास ठरलं होतं. इतक्यात आर्सेनलने मध्ये हात घातला आणि खेळाडू उचलला. आर्सेनल म्हणजे टॉटनमचा शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी. लहानपणी एझे आर्सेनलच्याच अकादमीत होता, तिथून त्याला काढून टाकलं होतं. २३ नोव्हेंबरला दोन्ही संघ समोरासमोर आले. आर्सेनलने ४-१ असा सामना मारला आणि त्यातले तीन गोल एझेचे होते.

विंडोचा हिशेब असा उशिरा लागतो. सही होते ऑगस्टमध्ये, किंमत कळते नोव्हेंबरमध्ये किंवा थेट मार्च-एप्रिलमध्ये. आणि ती किंमत विकत घेणाऱ्यापेक्षा ज्याच्या हातून खेळाडू गेला त्यालाच जास्त कळते.

हे सगळं पाहायला लंडनकडे डोळे लावायची गरज नाही. जोगेश्वरी स्टेशनला पश्चिमेला उतरून रिक्षा केली, तर वीरा देसाई रोडवरचं शहाजी राजे क्रीडासंकुल फार लांब नाही. महापालिकेच्या या संकुलातलं फुटबॉलचं मैदान म्हणजे मुंबई फुटबॉल अरेना. मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचं घर नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतं. २०१६ पासून ती अंधेरीत आली. गेल्या काही वर्षांत भारतीय फुटबॉलमधली मोठी ट्रान्सफर नाट्यं पाहिली, तर त्यांतली निम्मी तरी या मैदानाशी कुठे ना कुठे जोडलेली सापडतात. गंमत म्हणजे याच मैदानावर खेळणाऱ्या क्लबच्या मालकमंडळींनी आधी दुसऱ्याचं घर रिकामं केलं आणि नंतर आपलं रिकामं होताना पाहिलं.

सुरुवात करावी लागते १७ मार्च २०१९ पासून. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत अंधेरीत होती, पण यजमान मुंबई त्यात नव्हती. एका बाजूला बेंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा मोरोक्कन मध्यरक्षक अहमद जाहू लाल कार्ड पाहून बाहेर गेला. ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला आणि डिमास डेल्गाडोच्या चेंडूवर राहुल भेकेने हेडर मारला. बेंगळुरू विजेता.

राहुल शंकर भेके हा मुंबईचा. मुंबई एफसी या आता बंद पडलेल्या क्लबातून वर आलेला, मग ईस्ट बंगाल, मधल्या काळात केरळ आणि पुणे, आणि २०१७ पासून बेंगळुरू. आपल्याच शहरात, दुसऱ्या शहराच्या शर्टात त्याने किताब जिंकून दिला. गोव्याच्या डगआउटमध्ये त्या रात्री सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक उभे होते. भेके, लोबेरा, जाहू ही तिन्ही नावं वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढच्या दोन-अडीच वर्षांत तिघंही मुंबईच्या निळ्या रंगात दिसले.

*

२८ नोव्हेंबर २०१९ रोजी मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के समभाग घेतले. रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे मूळ मालक उरलेल्या हिश्शासह राहिले. तोवर मुंबई सिटीची ओळख म्हणजे मोठी नावं आणि रिकामं कपाट. निकोला अनेल्का आला, फ्रेडी युंगबर्ग आला, दिएगो फोर्लान आला. सुनील छेत्रीसुद्धा आला. २०१५ च्या लिलावात मुंबईने त्याच्यासाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले होते आणि त्याच मोसमात तो आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय ठरला. पण किताब एकही नव्हता.

नव्या मालकांना तो लवकर हवा होता. तो मिळवण्याचा सर्वात जवळचा रस्ता पणजीहून जात होता.

गोव्याने ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना दूर केलं. संघ तेव्हा गुणतक्त्यात वर होता. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने सांभाळले, गोव्याने साखळीत अव्वल येऊन लीग शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचा दरवाजा उघडला. ज्या क्लबने सगळं बरोबर केलं, त्याचा संघ पुढच्या विंडोत टिकायला हवा होता. झालं उलटंच. ऑक्टोबरमध्ये लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्यामागोमाग गोव्याचा कणाच मुंबईला आला. मधल्या फळीतला जाहू आला. बचावातला उंच मुर्तदा फॉल आला. ११ गोल आणि १० असिस्ट करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ह्युगो बूमूस आला. त्याच्यासाठी करारातल्या अटीप्रमाणे रक्कम भरावी लागली, ती सुमारे १ कोटी ६० लाख असल्याच्या बातम्या आल्या. आणि मंदार राव देसाई आला. हा तर गोव्याचाच मुलगा, काही महिन्यांपूर्वी कर्णधार म्हणून शील्ड उचललेला.

परदेशी खेळाडू गेला तर चाहता चरफडतो आणि विसरतो. आपल्या मातीतला कर्णधार शेजारच्या राज्यात गेला की जखम वेगळी होते.

करोनामुळे २०२०-२१ चा अख्खा मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला. म्हणजे गोव्याच्या क्लबला स्वतःच्याच माजी खेळाडूंचं कौतुक स्वतःच्याच अंगणात पाहावं लागलं. दोन्ही संघ चार वेळा भिडले. पहिल्या सामन्यात भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर मुंबई १-० जिंकली. दुसरा ३-३. उपांत्य फेरीचा पहिला टप्पा २-२, दुसरा ०-०, आणि मग पेनल्ट्यांवर मुंबई ६-५. निर्णायक पेनल्टी मारली रॉलिन बोर्जिसने. तोही गोव्याचाच, मुंबईने आदल्या वर्षी आणलेला. चुकलेली पेनल्टी ग्लॅन मार्टिन्सची होती. जानेवारीच्या विंडोत गोव्याने आपला जुना खेळाडू लेनी रॉड्रिग्ज मोहन बागानला देऊन त्याच्या बदल्यात ग्लॅनला घेतलं होतं. एका शूटआऊटमध्ये किती ट्रान्सफर सामावल्या होत्या, याची यादी करत बसलं तर पान पुरणार नाही.

शील्डचा निकाल २८ फेब्रुवारीला लागला. मोहन बागान (तेव्हाचं नाव एटीके मोहन बागान) आणि मुंबई यांचे गुण शेवटी ४०-४० झाले, पण मुंबईने तो सामना २-० जिंकला आणि आपसातल्या सामन्यांच्या निकषावर शील्ड नेली. गोल कोणी केले? गोव्याहून आणलेल्या फॉलने आणि केरळ ब्लास्टर्सहून आणलेल्या बार्थोलोम्यू ओग्बेचेने. १३ मार्चला फातोर्ड्यात बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलने मुंबईने किताबही घेतला. शील्ड आणि किताब, एकाच मोसमात.

हे यश खरं होतं, यात शंका नाही. लोबेरांचा संघ चेंडू सुंदर खेळवायचा. पण त्या यशाला गोव्याच्या घरातल्या विटा लागल्या होत्या, हेही तितकंच खरं. मुंबईकरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. जिंकणारा घेतही नाही.

गोव्याची गळती तिथेच थांबली नाही. त्या मोसमात १४ गोल करणारा इगोर अँगुलो पुढच्या विंडोत मुंबईला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन मोसमात, प्रशिक्षक हुआन फेर्रांदो मोहन बागानने उचलले. २०२२ मध्ये अल्बर्टो नोगेरा मुंबईत आला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईने दुसरी शील्ड पक्की केली ती फातोर्ड्यात गोव्याला ५-३ हरवून. २०२४ मध्ये तर सात वर्षं गोव्याकडून खेळलेला ब्रँडन फर्नांडिस हा त्यांचा कर्णधारही मुंबईत दाखल झाला. गोव्याने याला पुढे आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. हैदराबादकडून मानोलो मार्केझ यांना आणलं, संदेश झिंगनला आणलं, बोर्जिसला घरी परत आणलं आणि २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. पण लीगच्या किताबाचं कपाट त्यांचं अजून रिकामं आहे.

मुंबईलाही लगेच फळ भोगावं लागलं. २०२१ मध्ये बूमूसला मोहन बागानने नेलं, लोबेरा सिटी फुटबॉल ग्रुपच्याच चीनमधल्या क्लबकडे गेले, आणि विजेता संघ पुढच्या मोसमात पाचवा आला. प्लेऑफसुद्धा नाही. २०२३ मध्ये लोबेरा भारतात परतले ते ओडिशाकडे, आणि जाहू, फॉल व मुंबईचाच अमेय रानवडे हे तिघंही तिकडे गेले. प्रशिक्षकाबरोबर खेळाडूंचा तांडा हलतो, हे आता गोव्याइतकंच अंधेरीलाही ठाऊक झालं.

*

एका खेळाडूने सगळं गणित कसं फिरतं, याचं उदाहरण हवं असेल तर ग्रेग स्टुअर्टकडे पाहावं. हा स्कॉटिश मध्यरक्षक २०२१-२२ मध्ये जमशेदपूरकडून खेळला. १० गोल, १० असिस्ट, जमशेदपूरला शील्ड. पुढच्या उन्हाळ्यात तो मुंबईला आला, प्रशिक्षक ओवेन कॉयलही गेले, आणि शील्डविजेतं जमशेदपूर दहाव्या स्थानावर कोसळलं. मुंबईने त्या मोसमात ४६ गुणांसह शील्ड नेली. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीत मुंबई आणि मोहन बागान यांच्यात जो सामना झाला, तो फुटबॉलपेक्षा मारामारीसाठी जास्त लक्षात राहिला. सात लाल कार्डं निघाली. स्टुअर्टने गोलही केला आणि लाल कार्डही घेतलं. जानेवारीत तो स्कॉटलंडला परतला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आला तो कुणाच्या शर्टात? मोहन बागानच्या. बागानने २०२४-२५ ची शील्ड जिंकली. तीन क्लब, तीन शील्ड. योगायोग म्हणायला एखादी कमी असती तर बरं झालं असतं.

त्याआधीचा एप्रिल-मे २०२४ मुंबईसाठी विलक्षण होता. १५ एप्रिलला शेवटच्या साखळी सामन्यात कोलकात्यात बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड हिसकावली. ४ मेला त्याच सॉल्ट लेक स्टेडियममध्ये, बागानच्याच प्रेक्षकांसमोर, मुंबईने अंतिम सामना ३-१ जिंकला. होर्हे पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोयतुश यांचे गोल. चषक उचलला कर्णधार राहुल भेकेने. अंधेरीत २०१९ ला बेंगळुरूसाठी गोल करणारा पोरगा २०२१ मध्ये घरी आला होता, २०२२ मध्ये त्याच्या गोलने मुंबईने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-क्वा अल-जविया क्लबला हरवलं होतं, भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला विजय म्हणून, आणि आता तो विजेता कर्णधार होता. एखाद्या मराठी सिनेमाने इथेच शेवट केला असता.

विंडो उघडली. भेके बेंगळुरूला परत गेला. नोगेरा बेंगळुरूला. अंतिम सामन्यात गोल करणारा दियाझही बेंगळुरूला. मधल्या फळीचा प्राण असलेला मिझोरमचा लालेंगमाविया, म्हणजे सगळ्यांचा आपुइया, करार शिल्लक असताना मोहन बागानने पैसे मोजून नेला. आणि वर म्हटल्याप्रमाणे स्टुअर्टही तिकडेच. वाईट वाटायचं कारण खेळाडू गेले एवढंच नव्हतं. ते सगळे ज्यांच्याशी झुंजायचं होतं त्या दोन दारांतच गेले.

परिणाम आकड्यांत बघावा. २०२३-२४ मध्ये बेंगळुरू दहाव्या क्रमांकावर होती. पुढच्या मोसमात ती तिसरी आली. मुंबई विजेतेपदावरून सहाव्या स्थानी घसरली, ३६ गुणांवर. प्लेऑफच्या बाद फेरीत २९ मार्च २०२५ रोजी दोघांची गाठ पडली, बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर. निकाल ५-० बेंगळुरू. गोल करणाऱ्यांत दोन नावं मुंबईकरांना ओळखीची होती. एक छेत्री, ज्याला कधीकाळी लिलावात मुंबईने घेतलं होतं. दुसरा दियाझ, जो दहा महिन्यांपूर्वी मुंबईला चषक जिंकून देत होता.

आणखी नऊ दिवसांनी, उपांत्य फेरीत, जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत लांबून फटका मारून मोहन बागानला अंतिम फेरीत नेणारा कोण? आपुइया. १२ एप्रिलच्या अंतिम सामन्यात बागान आणि बेंगळुरू भिडले, बागान जादा वेळेत २-१ जिंकलं. २०२४ च्या विजेत्या संघातली माणसं २०२५ च्या दोन्ही अंतिम संघांत वाटली गेली होती आणि मुंबई मात्र घरी होती. भारतीय फुटबॉलमधल्या ट्रान्सफरबद्दल एकच वाक्य लिहायचं तर ते हेच लिहावं लागेल.

*

असं का होतं? युरोपात इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड मोजले जातात म्हणून न्यूकॅसलचं दुःख निदान पैशात भरून निघतं. त्या पैशातून दुसरा खेळाडू आणता येतो. भारतात बहुतेक चांगले खेळाडू करार संपल्यावर फुकट जातात. फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. १९९५ च्या बोस्मान निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूला अडवून धरता येत नाही, आणि येऊही नये. खेळाडूची कारकीर्द बारा-पंधरा वर्षांची. पाय सलामत तोवर कमावणं हा त्याचा हक्कच. पण आपल्याकडचे करार दोन-तीन वर्षांचे, मोसमागणिक परदेशी खेळाडू बदलणार, आणि ज्याच्याकडे पगाराचं बजेट जास्त तो समोरच्याचा गाभा उचलणार. त्यात एक भर: एखादा खेळाडू घेतल्याने आपलं बळ वाढतं त्याहून प्रतिस्पर्ध्याचं कमी होतं, हे बड्या क्लबांना चांगलं कळतं. आपुइया बागानला हवाच होता. पण तो मुंबईला नसणं हेही तितकंच हवं होतं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

फिफाच्या नियमात आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात. कागदावर हे फार छान आहे. पण शून्याचे पाच टक्के शून्यच. मिझोरम, मणिपूर किंवा कोल्हापूरच्या मैदानावर एखादा पोरगा घडवणाऱ्याच्या हाती फुकट ट्रान्सफरमधून काय येणार?

मुंबईला हे खेळ नवे नाहीत. फक्त पूर्वी चलन वेगळं होतं. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपचं हे शहर. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, बँका, महिंद्र यांचे संघ कूपरेज मैदानावर खेळायचे, आणि खेळाडू खेचण्याचं हत्यार होतं नोकरी. कायमची, पेन्शनवाली नोकरी. कोलकात्याच्या ईस्ट बंगालचा श्याम थापा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मफतलालकडे आला तो याच ओढीच्या काळात. १९७५ मध्ये तो ईस्ट बंगालला परतला आणि आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० चिरडताना दोन गोल केले. १९७७ मध्ये तोच मोहन बागानकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालविरुद्ध त्याने मारलेली बायसिकल किक कोलकाता अजून सांगतं. आज इंस्टाग्रामवर जे 'विश्वासघात' वगैरे चालतं, त्याची मूळ आवृत्ती तिथे आहे.

मग व्यावसायिक क्लबांचा काळ आला, पण मुंबईच्या क्लबांना घसरणही लागली. राष्ट्रीय फुटबॉल लीग २००५-०६ मध्ये जिंकणारी महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. २००७ मध्ये सुरू झालेल्या मुंबई एफसीची गोष्ट तर ट्रान्सफरची शोकांतिकाच आहे. खालिद जमील या मुंबईच्याच माजी खेळाडूने कित्येक वर्षं तो संघ कमी पैशांत लीगमध्ये टिकवून धरला. २०१६ मध्ये क्लबने त्यांच्याशी फारकत घेतली. जमील आयझॉलला गेले आणि जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईत खेळलेले खेळाडूही त्या संघात होते. आयझॉल हा आदल्या वर्षी खाली घसरलेला आणि नशिबाने पुन्हा प्रवेश मिळालेला क्लब. ३० एप्रिल २०१७ रोजी तो आय-लीगचा विजेता ठरला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि नंतर बंदच झाली. आणि विजेत्या आयझॉलचं काय? जमील ईस्ट बंगालला गेले, सीरियाचा महमूद अल अमना तिकडेच गेला, संघ विखुरला. ऑगस्ट २०२५ पासून जमील भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक आहेत.

कधी ट्रान्सफर मैदान सोडून न्यायालयात जाते. पंजाबचा बचावपटू अन्वर अली मुंबई सिटीकडे असताना २०१९ मध्ये त्याच्या हृदयाचा विकार उघड झाला आणि त्याची कारकीर्द संपल्यातच जमा झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळायला मनाई केली, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि पुन्हा खेळू लागला. तो दिल्ली एफसीचा खेळाडू, मोहन बागानला चार वर्षांच्या लोनवर दिलेला. २०२४ च्या उन्हाळ्यात तो करार तोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. म्हणजे कोलकात्यात ज्या दोन क्लबांची एकमेकांशी पिढीजात दुष्मनी आहे, त्यांच्यात. महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीने १० सप्टेंबरला त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, मोहन बागानला १२ कोटी ९० लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसीला दोन विंडोत खेळाडू नोंदवायला मनाई केली. काही दिवसांतच दिल्ली उच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही आणि अन्वर ईस्ट बंगालसाठी मैदानात उतरला. समितीने निर्णय द्यायचा, न्यायालयात तो उडायचा, आणि दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी एकमेकांना शिव्या घालायच्या. अशाने करारावरचा विश्वास कसा बसेल?

पैसे संपले की विंडोचं रूप आणखी भेसूर होतं. हैदराबाद एफसीने २०२२ मध्ये किताब जिंकला. २०२३ मध्ये मुंबई सिटीने त्यांचा डावा बचावपटू आकाश मिश्रा नेला. पगार थकले, खेळाडू एकेक करून निघून गेले आणि २०२३-२४ च्या मोसमात हैदराबादला एकच सामना जिंकता आला. कालांतराने तो क्लब दिल्लीला हलला. कुणाच्या संघाला बळ मिळालं आणि कुणाच्या शहरातून फुटबॉल उठला, याचा हिशेब एकाच विंडोच्या दोन बाजूंना लिहिलेला असतो.

कधी विंडो दूरच्या देशात हलली तरी धक्का इथे बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नेमार सौदीच्या अल हिलालला गेला आणि त्याच महिन्यात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबई सिटी अल हिलालच्याच गटात आली. नेमार मुंबईत खेळणार, या एका कल्पनेने शहर वेडं झालं. ऑक्टोबरमध्ये तो जायबंदी झाला. ६ नोव्हेंबरला नेरुळच्या स्टेडियममध्ये अल हिलालने मुंबईला २-० हरवलं, नेमारविना. दोन वर्षांनी रोनाल्डोचा अल नस्र गोव्यात आला तेव्हा तेच. संघ आला, रोनाल्डो नाही.

आणि मग २०२५ चा उन्हाळा. जोगेश्वरीची पोरं इसाककडे डोळे लावून बसली होती तेव्हा त्यांच्या शेजारच्या लीगला विंडोसाठी दिशाच नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नवा होत नव्हता. ११ जुलैला आयएसएल बेमुदत थांबवल्याचं जाहीर झालं. बेंगळुरू आणि चेन्नईयिनने खेळाडूंचे पगार थांबवले. लीगच नसेल तर सही कोण करणार आणि कोणाकडे? बिपिन सिंगने ईस्ट बंगालचा रस्ता धरला. केरळ ब्लास्टर्सचा कर्णधार आद्रियान लूना लोनवर इंडोनेशियाला गेला. २०१९ ला मोठ्या थाटात आलेला सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला. लोबेरा नोव्हेंबरमध्येच मोहन बागानचे प्रशिक्षक झाले होते. लीगला १४ फेब्रुवारी २०२६ चा मुहूर्त मिळाला, तोही कमी सामन्यांचा.

यात नुकसान मोजायचं तर अंधेरीच्या पश्चिम स्टँडमध्ये ढोल घेऊन बसणाऱ्या चाहत्याचं मोजावं. त्याच्या पाठीवर भेकेचं नाव, नंतर आपुइयाचं नाव, आणि दर उन्हाळ्यात नवा शर्ट. त्याला कोणता खेळाडू किती वर्षांच्या कराराने बांधला आहे हे माहीत नाही, गेला तर किती पैसे आले हेही नाही. क्लबांच्या पत्रकात 'रक्कम उघड केलेली नाही' असं छापलं जातं आणि विषय संपतो. पोर्तुगालमध्ये शेअर बाजारात नोंद असलेल्या बेनफिका, पोर्तो या क्लबांना मोठ्या व्यवहारांचे आकडे बाजार नियामकाला कळवावेच लागतात. आपल्याकडे महासंघाच्या नोंदणी यंत्रणेत प्रत्येक व्यावसायिक खेळाडूची नोंद आहे. तिच्यातले कराराची मुदत आणि ट्रान्सफरची रक्कम हे दोनच रकाने दर विंडोनंतर लोकांसाठी खुले केले, तर अफवांचा बाजार निम्मा बसेल आणि आपल्या संघाचा गाभा कधी मोकळा होणार हे तिकीट काढणाऱ्याला मोसमाआधी कळेल. नव्याने लीग उभी करताना महासंघाने आणि क्लबांनी हे करावं. आणि अंधेरीला तिकीट काढून जाणाऱ्यांनी ते त्यांच्याकडे मागावं.